जमिनीखालचा नकाशा कोण काढतो?

२६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुस येथील अमराई वॉर्डात एक राहते घर जमिनीत गेले. भिंत खचली किंवा छप्पर कोसळले असे झाले नाही. अख्खे घर खाली गेले आणि वर खड्डा राहिला. जमीन हलल्यासारखी वाटली म्हणून घरची माणसे बाहेर धावली आणि त्यामुळेच वाचली. त्या जागेखाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. आजूबाजूच्या अनेक कुटुंबांना त्यानंतर आपली घरे सोडून दुसरीकडे जावे लागले.

त्या दिवसांत सगळीकडे चर्चा होती ती नुकसानभरपाईची, आणि ती योग्यच होती. पण आम्हाला आणखी एक प्रश्न पडला, तो आजही सुटलेला नाही. आपल्या घराखाली काय आहे हे सांगणारा कागद कोणता? तो कोणी तयार केला? आणि तो वाचता येणारी किती माणसे आपल्या वस्तीत आहेत?

चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा काढायला सुरुवात होऊन दीडशे वर्षे झाली. इंग्रज सरकारने १८७१ च्या सुमारास वरोऱ्याला खाण उघडली, ती १९०६ मध्ये बंद झाली. बल्लारपूरची खाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. मग घुग्घुस, माजरी, लालपेठ, महाकाली, दुर्गापूर अशी नावे वाढत गेली. मालक बदलले. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स म्हणजे आपली वेकोलि स्थापन झाली. मालक बदलला तरी जमिनीखालचे बोगदे जागचे हलत नाहीत. कुठे कोळसा काढला, कुठे खांब सोडले, कुठे पाणी साचले आहे, हे वरून डोळ्यांना दिसत नाही. ते फक्त खाणीच्या नकाशात दिसते. हा नकाशा काढणाऱ्या माणसाला खाणीत सर्व्हेयर म्हणतात.

आमच्या समाजाने या खाणींना लोडर दिले, ट्रामर दिले, टिंबर मिस्त्री दिले, हॉलेज चालवणारे दिले. जमीन गेली म्हणून नोकरी लागलेले जनरल मजदूर दिले. पुढच्या पिढीतले काही जण परीक्षा देऊन सरदार झाले, ओव्हरमन झाले, दोन-चार जण मॅनेजरही झाले. सर्व्हेयर मात्र आमच्या पाहण्यात फारच थोडे. खरे तर सर्व्हे खात्यात आपली माणसे आहेत, पण ती चेन ओढायला आणि स्टाफ धरायला. लाल-पांढऱ्या खुणांची ती उंच पट्टी सरळ धरून उन्हात उभे राहायचे आणि साहेबाने हात हलवला की पुढे जायचे. अकरा वर्षे हे काम करणाऱ्या एका तरुणाला आम्ही विचारले, "भाऊ, तुमचे साहेब त्या दुर्बिणीतून काय वाचतात?" तो हसला आणि म्हणाला, "बाबूजी, ते साहेब पाहतेत. आपण नुसता स्टाफ धरतो."

हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांच्या मुलामुलींसाठी आहे. ही विद्या अवघड नाही, पण ती डोळस आहे. आम्ही स्वतः कारकुनी करणारी माणसे, बी.कॉम. झालेली. जमाखर्च जुळवण्यात आयुष्य गेले. खाणीच्या मोजणीची पुस्तके प्रथम उघडली तेव्हा असे आढळले की यातला अर्धा भाग आमच्याच धंद्याचा आहे, आणि उरलेला अर्धा गवंड्याच्या धंद्याचा.

गवंडी काय वापरतो? ओळंबा, पाणसळ, गुण्या आणि टेप. ओळंब्याने उभी रेषा मिळते, पाणसळीने आडवी, गुण्याने कोन आणि टेपने अंतर. सर्व्हेयरकडे याच चार गोष्टी असतात, फक्त बारीक वाचन देणाऱ्या. पाणसळीच्या जागी लेव्हल यंत्र, गुण्याच्या जागी थिओडोलाइट, टेपच्या जागी आता टोटल स्टेशन. हे यंत्र समोरच्या काचेच्या प्रिझमवर किरण सोडून अंतर आणि कोन एकदम सांगते. ओळंबा मात्र ओळंबाच राहिला. भूमिगत खाणीत मोजणीच्या खुणा जमिनीवर ठेवता येत नाहीत, कारण तिथे ट्रॉल्या, यंत्रे आणि माणसे फिरतात. म्हणून छतात खिळा ठोकतात आणि त्याला ओळंबा लटकवून त्याखाली यंत्र लावतात. ज्यांचे वडील बांधकामावर होते त्या मुलांना हे एका दिवसात समजते, असा आमचा अनुभव आहे.

जुन्या माणसांना एकर आणि डिसमिल आठवत असतील. इंग्रजांची मोजणीची साखळी ६६ फुटांची होती, तिला १०० कड्या. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, म्हणून एक चौरस साखळी म्हणजे बरोबर दहा डिसमिल. आपल्या बापजाद्यांच्या जमिनीचे आकडे याच साखळीने ठरले. चेनमन हा शब्द तिथूनच आला. म्हणजे ज्या कामाला आपण मजुरी समजतो, त्याच्या टोकाला जमिनीचा हिशेब बांधलेला आहे.

आता गणिताकडे येऊ. घाबरण्याचे कारण नाही, दहावीच्या पुस्तकातली त्रिकोणमिती पुरते. कोळशाचा थर सहसा आडवा नसतो, तो उतरत जातो. समजा खाणीच्या उतारावर टेप धरून ५० मीटर मोजले आणि उतार १२ अंशांचा आहे. नकाशा सपाट कागदावर असतो, म्हणून त्यावर ५० मीटर दाखवायचे नसतात. ५० ला १२ अंशांच्या कोसाइनने गुणले की ४८.९१ मीटर येतात, ते दाखवायचे. आणि त्याच ५० ला साइनने गुणले की कळते, आपण १०.४० मीटर खाली उतरलो. ज्याने हे केले नाही, त्याच्या नकाशात प्रत्येक ५० मीटरला एक मीटर नऊ सेंटिमीटर जास्तीचे धरले गेले. असे दहा टप्पे झाले की नकाशावरची खाण खऱ्या खाणीच्या जवळजवळ ११ मीटर पुढे गेलेली असते.

कोनाचेही तसेच. एक अंश चुकला तर १०० मीटरवर पावणेदोन मीटर फरक पडतो. म्हणून सर्व्हेयर अंशावर थांबत नाही. अंशाचे ६० मिनिटे आणि मिनिटाचे ६० सेकंद करून वाचतो, यंत्र उलटवून पुन्हा वाचतो, आणि दोन्हींची सरासरी घेतो. वर्गात मुले विचारतात की एकदा वाचले ते पुन्हा कशाला वाचायचे. बँकेत नोटा दोनदा मोजतात ते कशाला, एवढेच आमचे उत्तर.

लेव्हलची वही तर आमच्यासारख्या बाबूला लगेच आवडणारी. तिच्यात एक रकाना बॅक साइटचा असतो, एक फोर साइटचा. ज्याची उंची माहीत आहे अशा खुणेवर स्टाफ धरायचा. समजा त्या खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची १९०.००० मीटर आहे आणि यंत्रातून स्टाफवर १.४५० दिसले. म्हणजे यंत्राची नजर १९१.४५० वर आहे. आता स्टाफ दुसऱ्या जागी नेला आणि २.१३० दिसले. ते वजा केले की त्या जागेची उंची १८९.३२०. असे करत करत कोसभर जाता येते. शेवटी सगळ्या बॅक साइटची बेरीज, सगळ्या फोर साइटची बेरीज, आणि त्यांतला फरक पहिल्या व शेवटच्या उंचीच्या फरकाइतका आलाच पाहिजे. नाही आला तर बेरजेत कुठेतरी घोळ आहे. तेरीज जुळली नाही तर लेखनिक घरी जात नाही, तसाच सर्व्हेयरही जात नाही. आणि तेरजेसारखीच येथेही एक फसगत असते. बेरीज जुळली म्हणून स्टाफवरचे वाचन बरोबर होते असे सिद्ध होत नाही. त्यासाठी फिरून मूळ खुणेवर येऊन तीच उंची मिळते का ते पाहावे लागते.

या उंचीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीने सांगितले होते की खाणीचे तोंड त्या जागेच्या आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या पातळीपेक्षा किमान दीड मीटर उंच असावे. आपल्या खाणी वर्धा नदीच्या आणि इरईच्या काठाने आहेत. जुलै २०२२ चा पूर चंद्रपूरकर विसरलेले नाहीत. नदीचे पाणी कुठवर चढले ते दगडावर खूण करून, लेव्हल लावून वहीत लिहिणे हे सर्व्हे खात्याचे काम आहे. हे दीड मीटर कागदावर राहतात की जमिनीवर उतरतात, ते त्या वहीवर अवलंबून असते.

भूमिगत खाणीतली सर्वांत नाजूक मोजणी वेगळीच आहे. वरच्या जगाची दिशा खाली न्यायची कशी? आजकाल मोबाइलमध्येही जागा दाखवणारे जीपीएस असते, पण उपग्रहाची लहर दगडातून खाली जात नाही. खाणीत उतरले की ते आंधळे होते. म्हणून जुनी रीत अशी की चानकाच्या तोंडातून दोन बारीक तारा खाली सोडायच्या, टोकांना जड वजने बांधायची, आणि हेलकावे थांबावेत म्हणून ती वजने पाण्याच्या किंवा तेलाच्या भांड्यात बुडवून ठेवायची. वर त्या दोन तारांना जोडणारी रेषा ज्या दिशेची, खालीही त्याच दिशेची. येथून खालच्या सगळ्या गॅलऱ्यांची दिशा ठरते. दोन तारांत तीन मीटर अंतर असेल आणि एक तार वाऱ्याने एकच मिलिमीटर आडवी सरकली, तर हजार मीटर पुढे गेल्यावर ३३ सेंटिमीटरची चूक उभी राहते. आता दिशा स्वतः शोधणारे जायरो थिओडोलाइट आले आहे. तरीही तारांचे तत्त्व समजल्याशिवाय पुढचे समजत नाही.

एवढ्या बारकाईची गरज का, याला उत्तर आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या कामात साठलेले पाणी खाली फुटले आणि ३७५ कामगार गेले. १० डिसेंबर १९५४ रोजी आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ जण गेले. २००२ च्या जुलैत अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या क्वेक्रीक खाणीत नऊ कामगार अडकले. शेजारच्या बंद खाणीचा शेवटचा नकाशा काम करणाऱ्यांच्या हाती नव्हता, जो होता तो आधीचा. नकाशाप्रमाणे जुनी खाण दूर होती, प्रत्यक्षात ती भिंतीपलीकडे होती. ते नऊही जण तीन दिवसांनी जिवंत निघाले, पण इतक्या श्रीमंत देशातही नकाशाअभावी हे घडले.

याच्या उलट गोष्टही सांगितली पाहिजे. नोव्हेंबर १९८९ मध्ये पश्चिम बंगालच्या राणीगंज भागात महाबीर खाणीत पाणी घुसून ७१ कामगार आत अडकले. सहा जण बुडाले. उरलेले ६५ जण ज्या उंच भागात जमले होते, त्याच्या नेमके वर जमिनीवरून भोक पाडले गेले. अभियंता जसवंतसिंग गिल स्वतः पोलादी पिंजऱ्यात बसून त्या भोकातून उतरले, आणि एकेक करून ६५ जणांना वर आणले. गिल यांच्या धैर्याची गोष्ट सर्वांना माहीत आहे, २०२३ मध्ये तिच्यावर हिंदी सिनेमाही आला. पण भोक कुठे पाडायचे हे कशावरून ठरले? खाणीच्या नकाशावरून. जमिनीवर उभे राहून, 'याच पावलाखाली माणसे आहेत' असे सांगता येणे, ही सर्व्हेची विद्या आहे.

म्हणूनच नियमावलीने जुन्या सोडून दिलेल्या कामापासून ६० मीटरच्या आत आले की लेखी परवानगीशिवाय पुढे जाऊ नये असे ठरवले, आणि पुढे जायचे तर आधी भोके पाडून पाणी आहे का ते तपासत जायचे. पण ६० मीटर कुठे सुरू होतात हे नकाशा सांगतो. नकाशाच ११ मीटर पुढे-मागे असेल तर नियम काय करील?

सर्व्हेयरच्या कर्तव्यांत एक कलम आम्हाला फार मोलाचे वाटते. नकाशाच्या अचूकतेबद्दल शंका आली तर ती पाने मोजलेल्या बांधीव वहीत लिहून ठेवायची. कायदाच माणसाला 'तुझी शंका लिही' असे सांगतो. वरिष्ठांसमोर शंका बोलायला जीभ अडखळते, हे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. लिहिलेली शंका मात्र पान फाडल्याशिवाय जात नाही, आणि बांधीव वहीचे पान फाडले तर ते दिसते. कारकुनाला यातली ताकद समजावून सांगायला नको.

आता खुल्या खाणीकडे. हल्ली भूमिगत खाणी कमी होत गेल्या आणि सास्ती, पद्मापूर, दुर्गापूर, निलजई अशा खुल्या खाणींचा काळ आला. तिथे सर्व्हेयरचे मोठे काम घनफळाचे. कोळशावरची माती आणि दगड, ज्याला सगळे ओबी म्हणतात, किती उचलली याचे मोजमाप तो करतो आणि त्यावर ठेकेदाराचे बिल निघते. १०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद तुकड्याची उंची दहा सेंटिमीटरने जास्त धरली तर ५०० घनमीटर माती कागदावरच उचलली जाते. पैसा कुठे मुरतो ते वाचकांनी ओळखावे. आता ड्रोन आणि लेसर स्कॅनर आले आहेत. दिवसभराचे काम तासात होते आणि लाखो बिंदूंची उंची एकदम मिळते. पण यंत्राला मूळ खूण माणूसच देतो आणि आकड्याखाली सही माणसाचीच असते. या कामात गणिताइतकेच मन घट्ट असावे लागते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिवाय मातीचे ढिगारे सरकतात. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडच्या लालमटिया खुल्या खाणीत ढिगारा कोसळून २३ कामगार दबले गेले. ढिगाऱ्यावर खुणा रोवून त्या रोज किती सरकल्या हे मोजणे, भेगा नकाशावर घेणे, ही कामेही सर्व्हे खात्याची.

गडचिरोलीकडे वळले की प्रश्न थोडा निराळा होतो. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण आहे. सुमारे ३४८ हेक्टरचा पट्टा २००७ मध्ये दिला गेला, काम २०१६ मध्ये सुरू झाले, त्याच वर्षी डिसेंबरात वाहने जाळली गेली आणि काम थांबले, मग २०२१ पासून पुन्हा सुरू झाले. तिथल्या ग्रामसभांचा विरोध, रोजगार, रस्त्यांची धूळ हा सगळा मोठा विषय आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहिले पाहिजे. येथे आमचा मुद्दा मोजणीपुरता आहे. पट्ट्याची हद्द म्हणजे नकाशावरची रेषा, आणि जंगलात ती सिमेंटच्या खांबांनी दाखवलेली असते. हा खांब नकाशातल्या जागीच आहे का, हे गावातल्या कोणाला तपासता आले पाहिजे. याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. आपले जंगल कुठून कुठवर हे ज्या गावाला सांगता येते, त्याच्याशी बोलताना अधिकारीही कागद नीट उघडून बसतो. ही विद्या खाणीच्या नोकरीपुरती नाही, ती मोजणीच्या दिवशी बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्याही कामाची आहे.

आता ज्यांना या धंद्यात जायचे आहे त्यांच्यासाठी. खाणीत सर्व्हेयर म्हणून सही करायची तर खाण सुरक्षा महासंचालनालयाचे सक्षमता प्रमाणपत्र लागते. या कार्यालयाचे मुख्यालय धनबादला आहे, आपल्या भागाचे काम नागपूरहून चालते. प्रमाणपत्र दोन तऱ्हेचे: एक फक्त खुल्या खाणींसाठी, दुसरे सर्व खाणींसाठी. कोळसा खाणीची आणि लोखंडासारख्या धातूच्या खाणीची नियमावलीही वेगळी, त्यामुळे सुरजागडकडे पाहणाऱ्याने कोणते प्रमाणपत्र घ्यायचे ते आधी ठरवावे. २०१७ मध्ये कोळसा खाणीची नवी नियमावली आली. शिक्षणाच्या आणि अनुभवाच्या अटी अधूनमधून बदलतात, म्हणून कोणाच्या सांगण्यावर न जाता परीक्षेची जाहिरात स्वतः वाचावी.

सरळ मार्ग म्हणजे दहावीनंतर मायनिंग अँड माइन सर्व्हेइंगचा डिप्लोमा. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा हा अभ्यासक्रम आहे. पुढे ज्यांना पदवी करायची त्यांच्यासाठी नागपूरच्या व्हीएनआयटीत मायनिंग अभियांत्रिकी आहे. ज्यांना ते झेपणार नाही त्यांनी आयटीआयचा सर्व्हेयर ट्रेड पाहावा. त्याने थेट खाणीचे प्रमाणपत्र मिळत नाही, पण हात बसतो, आणि भूमी अभिलेख, रस्ते, धरणे, खाजगी मोजणी अशा वाटा उघडतात. जे आधीच खाणीत आहेत त्यांनी सर्व्हे खात्यातल्या कामाचा अनुभव लेखी मिळवून ठेवावा. दहा वर्षे स्टाफ धरला आणि कागदावर 'जनरल मजदूर' एवढेच असेल, तर परीक्षेच्या अर्जाला ती दहा वर्षे उपयोगी पडत नाहीत. युनियनच्या प्रतिनिधींनी बदली आणि बोनसबरोबर या कागदाकडेही लक्ष द्यावे, ही आमची विनंती.

मुलींबद्दल वेगळे सांगायचे आहे. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत खाणीत काम करायला बंदी होती. त्याआधी महायुद्धाच्या काळात मनुष्यबळ कमी पडले तेव्हा त्यांना खाली उतरवले गेले आणि युद्ध संपल्यावर पुन्हा वर पाठवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरून त्यांनी कामगारांची स्थिती पाहिली होती. पुढे जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी स्त्रियांना भूमिगत खाणीत दिवसा जाण्याची परवानगी दिली. सर्व्हे हे तांत्रिक काम आहे. आपल्या घरातली जी मुलगी गणितात पुढे आहे तिला डी.एड. आणि नर्सिंग यांच्यापलीकडे हीही वाट आहे हे सांगावे. या वाटा वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. माहीत नसलेली वाट कोणी निवडू शकत नाही, एवढेच.

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या मागच्या खोलीत रविवारी सकाळी गणिताचा वर्ग चालतो. सेवानिवृत्त झालेल्या एका सर्व्हेयर काकांनी आपले जुने लेव्हल यंत्र दिले आहे आणि तेच शिकवतात, आम्ही वह्या तपासतो. सध्या नऊ जण येतात, त्यात तीन मुली आहेत. तो स्टाफ धरणारा तरुणही येतो, रात्रपाळी असली तर डोळे चोळत. त्याला स्टाफवरचे आकडे सर्वांत आधी वाचता आले, कारण त्याने ते अकरा वर्षे जवळून पाहिले होते. गेल्या रविवारी त्यांनी विहाराच्या पायरीपासून मोठ्या रस्त्याच्या पुलापर्यंत आणि परत अशी लेव्हल घेतली. पायरीवर परत आल्यावर उंची नऊ मिलिमीटरने कमी भरली. बेरजा तीनदा तपासल्या, बेरजा बरोबर होत्या. काकांनी कोणाला काही सांगितले नाही, फक्त यंत्र पेटीत ठेवले आणि येत्या रविवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, सगळ्यांना पुलावर बोलावले आहे.